गोल्टी नावाची बाई

आमच्या सरांना इंटरनेट फारसं आवडत नसे. त्यांना इंटरनेटबद्दल बोलायला आवडे. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मला त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करताना कळलं, आणि समजून घ्यायला मी बरीच वर्षं लावली.

नाशिकच्या एका कॉलेजात आमचा माध्यम-अभ्यासाचा विभाग होता. विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक न चालणारा प्रोजेक्टर आणि सर. दारावर त्यांच्या नावाखाली 'डिजिटल संस्कृती, कल्पविश्वे व ऑनलाइन तंत्रज्ञान' अशी पाटी होती. ती वाचून अधूनमधून कोणीतरी आत डोकावायचं आणि विचारायचं, "इथं ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात का?" सर रागवत नसत. त्या माणसाला खुर्ची देत, 'फॉर्म' या संकल्पनेत कोणती सत्ता दडलेली असते ते त्याला तासभर समजावून सांगत, आणि तो बिचारा शेवटची तारीख चुकवून घरी जाई.

सर ठेंगणे होते. अंगात खादीचा झब्बा, खाली जीन्स, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये दोन फोन. एका फोनच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर 'नागरिक' लिहिलेलं होतं, दुसऱ्यावर 'संशोधक'. नागरिक फोनवर ते बोलत. संशोधक फोनवर असंख्य ग्रुप होते, पण तिथे ते कोणालाही उत्तर देत नसत, कारण निरीक्षकानं निरीक्षणविषयात ढवळाढवळ करायची नसते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चुकून संशोधक फोनवर 'येताना कोथिंबीर आणा' असा मेसेज टाकला तर कोथिंबीर यायची नाही. मेसेज मात्र छापून फाइलला लागायचा.

हो, छापून. सर सगळं छापून घेत. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, वाफाळता कप आणि त्यावर 'शुभ सकाळ', असले हजारो फॉरवर्ड त्यांनी कागदावर उतरवले होते. इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांची खोली अशी उरलीच नव्हती. तिथे जमिनीपासून माळ्यापर्यंत बॉक्स फाइली होत्या. 'गुलाब (एकटा)', 'गुलाब (देवासह)', 'सूर्योदय', 'अवर्गीकृत'. काकूंचा भाऊ मनमाडहून आला की तो सूर्योदयाला उशाशी घेऊन हॉलमध्ये झोपे. काकू मला चहा देताना म्हणायच्या, "यांना सांग गं, गुड मॉर्निंगला गुड मॉर्निंग म्हटलं तर माणूस मरत नाही."

मी सांगत नसे. सरांना कोणीच काही सांगत नसे. सांगून उपयोग नव्हता, कारण सांगितलेलं सगळं ते वहीत टिपून घेत आणि ऐकत काहीच नसत.

एका रविवारी मिसळीच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या तरुणानं खायच्या आधी ताटलीचा फोटो काढला. सर उठून त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "हा फोटो तुम्ही नेमका कोणासाठी काढलात?" तो पोरगा गांगरला. मग म्हणाला, "काका, तुम्हाला पाठवू का?" सरांना भरून आलं. त्यांनी संशोधक नंबर दिला. पुढे कित्येक वर्षं तो रोज सकाळी सरांना फुलं पाठवत राहिला आणि सरांनी एकदाही उत्तर दिलं नाही. त्या पोराच्या नावाची वेगळी फाइल होती. त्याचं लग्न झालं तेव्हाची पत्रिकाही 'निमंत्रण (अपरिचित)' या खणात व्यवस्थित लागलेली मी पाहिली आहे. लग्नाला अर्थात कोणी गेलं नाही.

मग त्यांना कल्पविश्वाचं वेड लागलं. राक्षस, किल्ले, जादूच्या तलवारी, आणि हे सगळं ऑनलाइन खेळणारी पोरं. सरांनी ठरवलं की आत शिरून अभ्यास करायचा. विभागातल्या एकुलत्या एका धड कॉम्प्युटरवर ते इस्त्रीचा झब्बा घालून बसत. त्यांच्या योद्ध्याचं नाव होतं 'निरीक्षक'. आत गेल्यावर समोर जो कोणी येईल त्याला ते आधी टाइप करत, 'नमस्कार. मी एक संशोधक आहे. आपल्या वर्तनाचे निरीक्षण करण्यास आपली संमती आहे काय?' सर एका बोटानं टाइप करत. 'नमस्कार'मधला जोडाक्षराचा 'स्क' सापडेपर्यंत कोणीतरी आठवीतलं पोर येऊन त्यांची मुंडी उडवून जाई. सर शांतपणे वहीत वेळ टिपत आणि बाजूच्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणत, "मेलो." त्या सत्रात मी दिवसातून दहा-बारा वेळा ते ऐकत असे. एकाही खेळाडूची संमती मिळाली नाही, पण 'आभासी मृत्यूचा पुनःपुन्हा अनुभव' या विषयावर त्यांचा निबंध छापून आला आणि त्याची वाहवा झाली.

सगळं बंद पडून कॉलेज घरूनच चाललं होतं तेव्हा सरांनी एक अख्खं सत्र ऑनलाइन शिकवलं, आणि त्या सत्रात विद्यार्थ्यांना त्यांच्या घरचा छताचा पंखा सोडून काही दिसलं नाही. कॅमेरा वर तोंड करून होता. पहिल्या आठवड्यात पोरांना वाटलं, कोणीतरी सांगेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, यातही काहीतरी अर्थ असेल. एकीनं तर परीक्षेत लिहिलं की चेहरा लपवून सरांनी शिक्षकाची सत्ता नाकारली. सरांनी तो पेपर मला दाखवला आणि म्हणाले, "बघा, पोचतंय." आपला चेहरा दिसत नव्हता हे त्यांना त्या पेपरमधून कळलं. पण ते असं वागले की जणू पंखा त्यांनीच निवडला होता.

मी हसते आहे, पण तेव्हा हसण्यासारखी माझी स्थिती नव्हती. मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास घेतला तर मी प्राध्यापक, सुट्टी लागली की कोणी नाही. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी होती, आणि तिच्यासाठी प्रत्येक सहामाहीला, प्रत्येक प्रकरणाला आणि शेवटी प्रबंधाला सरांची सही हवी होती. नाना, म्हणजे माझे वडील, देवळा तालुक्यातल्या आमच्या गावाहून फोन करायचे आणि तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "सही व्हयनी का?" आमच्याकडे बोलण्याला अहिराणीचा वास आहे. माझ्या मराठीतून तो मी कॉलेजात आल्यावर घासून घासून काढून टाकला होता.

आणि सरांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझं इंग्रजी कच्चं, गाव देवळ्याच्याही पलीकडचं, ओळख कोणाची नाही. दोन मार्गदर्शकांनी मला दारातून परत पाठवलं होतं. सरांनी पाच मिनिटांत होकार दिला. इतर मार्गदर्शक विद्यार्थिनींकडून काय काय करून घेतात ते सगळ्यांना माहीत आहे. भाजी आणणे, मुलांना क्लासला सोडणे, पेपर तपासणे. सरांनी मला कधी पाण्याचा ग्लाससुद्धा आणायला सांगितला नाही. माझा प्रत्येक स्वल्पविराम त्यांनी वाचला. माझ्यावर एवढा वेळ कोणी खर्च केला नव्हता, आणि मला त्यांच्याबद्दल माया होती. त्यामुळेच पुढचं सगळं अवघड झालं.

सरांचं एक लाडकं वाक्य होतं. "वस्तू पाहू नका. वस्तूबद्दल लोक काय बोलतात ते पाहा. वस्तू फसवते." या तत्त्वापायी त्यांनी नाशकात वीस-बावीस वर्षं काढून गावाबाहेरचं एकही शेत पायी पाहिलं नव्हतं. माझा विषय त्यांनी ठरवला: ग्रामीण मोबाइल ग्रुपांतलं कल्पविश्व. कुठला तरी ग्रुप पाहिजे होता. नाना आमच्या भागातल्या कांदेवाल्यांच्या एका ग्रुपचे अॅडमिन होते. 'देवळा कांदा मित्र'. सर म्हणाले, सर्व सदस्यांची लेखी संमती लागेल, खेळात झालं तसं नको. संमतीपत्र सरांनी स्वतः लिहिलं होतं. त्यातल्या पहिल्या वाक्याला क्रियापद दुसऱ्या पानावर होतं. नाना ती पत्रं घेऊन मोटारसायकलवर मळ्यामळ्यांतून फिरले. "पोरीच्या परीक्षेचं हाय," एवढंच ते सांगायचे, आणि लोक सही करायचे. कोणी एक ओळ वाचली नाही. आठ दिवसांत नानांनी सगळा गठ्ठा आणून दिला आणि चार वर्षांचं ग्रुपवरचं बोलणंही मला पाठवून दिलं.

आता आमच्याकडे चाळ म्हणजे काय ते सांगते. उन्हाळी कांदा काढला की तो साठवायला लांबट खोपट बांधतात. बाजूंना लाकडी पट्ट्या, पट्ट्यांत फटी, म्हणजे वारं खेळतं आणि कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. तिला चाळ म्हणतात. विकायला ती उघडली की चाळ फोडली. आणि गोल्टी म्हणजे बारका कांदा. निवडताना तो वेगळा काढतात, त्याला भाव नसतो. नाशिक जिल्ह्यात हे शाळेत जायच्या आधी कळतं.

सर मुंबईच्या चाळीत वाढले होते. दोन खोल्या, सामायिक गॅलरी, अकरा बिऱ्हाडं. ती चाळ बिल्डरनं पाडली तेव्हा सर नाशकात पेपर तपासत बसले होते. त्यांना कोणी कळवलंसुद्धा नाही. हे ते मला एकदाच बोलले होते, पण बोलताना त्यांच्या हातात वही नव्हती.

तर त्यांनी ग्रुप वाचायला घेतला. 'चाळ भरली का?' 'पावसाचं वातावरण हाय, चाळ झाकून घ्या.' 'आज चाळ फोडली. निम्मी सडली.' मी टेबलाच्या या बाजूला बसले होते. सरांनी शेवटचा मेसेज तीनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो बाई, ही माणसं कधी चाळीत राहिली होती?"

"नाही सर. सर, आमच्याकडे चाळ म्हणजे..."

त्यांनी हात वर केला. "तुमच्याकडे काय म्हणतात ते बाजूला ठेवा. आतला माणूस असणं ही तुमची सगळ्यात मोठी अडचण आहे. तुम्हाला अर्थ माहीत असतो, त्यामुळे अर्थ लागत नाही." आणि त्यांनी हेच वाक्य वहीत टिपून घेतलं, कारण त्यांना ते आवडलं होतं.

मी तेव्हाच, त्याच मिनिटाला, पुढे बोलायला हवं होतं. बोलले नाही. सहामाही अहवाल समोर होता आणि त्यावर सही व्हायची होती. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू.

पुढच्या आठवड्यात सरांनी सिद्धान्त मांडला होता. चाळीत कधीही न राहिलेले शेतकरी मोबाइलवर एक काल्पनिक चाळ वसवतात. मिळून ती भरतात, पावसापासून जपतात, ती सडताना दुःख करतात आणि शेवटी आपल्याच हातांनी फोडतात. हरवलेल्या शेजाराचं हे सामूहिक कल्पविश्व. आणि त्या चाळीत एक बाई राहते. तिचं नाव गोल्टी.

'गोल्टी वेगळी काढा.' 'गोल्टीला कोणी विचारत नाय.' 'यंदा गोल्टीचं काय करायचं?' सरांनी हे मेसेज एकाखाली एक लावले तेव्हा खरं सांगते, मलाही क्षणभर त्या बाईची दया आली. टाकलेली, कोणाची नसलेली, चाळीतून हुसकून लावलेली. 'गोल्टीला कोंब आले' हा मेसेज सापडला त्यानंतर सर दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाले, "बाप कोण असेल?"

कल्पविश्वाच्या पुस्तकांत असतो तसा त्यांनी चाळीचा नकाशा काढला. जिना, नळ, गॅलरी, आणि जिन्याखाली एक चौकोन: 'गोल्टीची खोली'. तो नकाशा माझ्या प्रबंधाला परिशिष्ट म्हणून लागला. मग एका ऑनलाइन परिसंवादात सरांनी ते सगळं सादर केलं. देशोदेशीचे विद्वान छोट्या छोट्या चौकोनांत बसलेले. कांदा त्यांनी फक्त भाजीत पाहिलेला. एका बाईंनी डोळे पुसले. दुसऱ्यांनी विचारलं, गोल्टीला मूल झालं का. सर म्हणाले, "मजकूर त्याबाबत मौन पाळतो," आणि मला त्या मौनाचा शोध घ्यायला सांगितलं. त्या दिवसानंतर सांगणं म्हणजे नुसती चूक दाखवणं राहिलं नव्हतं. एका माणसाची चाळ दुसऱ्यांदा पाडणं होतं ते. निदान मी स्वतःला तसं सांगत असे. सही हा शब्द मी त्यात आणत नसे.

एकदा मात्र मी प्रयत्न केला. मनमाडच्या एका कॉलेजात सरांचं व्याख्यान होतं आणि आम्ही दोघं भाड्याच्या गाडीनं निघालो होतो. चांदवड मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना चाळीच चाळी. मी ठरवून आले होते. म्हटलं, तोंडानं सांगायला नको, डोळ्यांनी दिसू दे. सर मांडीवरच्या लॅपटॉपवर ऊन येतं म्हणून काचेला टॉवेल लावून बसले होते.

"सर, जरा बाहेर बघता का? ती बघा चाळ."

त्यांनी टॉवेल बाजूला केला. बोट केलं तिकडे नीट पाहिलं. कांद्याच्या चाळीच्या मागे कोणीतरी नवी घरं बांधायला काढली होती.

"चाळ कसली, रो-हाऊस आहेत ती," सर म्हणाले. "हेच तर. चाळ आता फक्त मोबाइलमध्ये उरली." आणि टॉवेल परत लावला. मनमाड येईपर्यंत मी मनाशी म्हणत होते की मी सांगितलं, त्यांनी पाहिलं नाही, आता माझी जबाबदारी संपली. तशी ती संपत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

सही झाली. प्रबंध गेला, आणि मौखिकीचा दिवस ठरला. मौखिकी खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. नाना सकाळच्या एसटीनं आले, कडक पांढरे कपडे, टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. पहिल्या रांगेत बसले. बाहेरचे परीक्षक विदर्भातून आले होते. सज्जन गृहस्थ, मधुमेही, त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची होती. मी पडद्यावर एकेक पान दाखवत बोलत गेले. नकाशा आला तेव्हा परीक्षक पुढे झुकले. गोल्टीचं प्रकरण हा या प्रबंधाचा मानबिंदू आहे, असं म्हणाले. सर लाजले. मी पहिल्यांदा त्यांना लाजलेलं पाहिलं.

शेवटी रीतीप्रमाणे परीक्षकांनी विचारलं, "सभागृहातून कोणाला काही विचारायचं आहे?" असं विचारल्यावर कोणी काही विचारत नाही. सगळे चहाच्या टेबलाकडे बघत असतात.

नाना उभे राहिले.

"मी या ग्रुपचा अॅडमिन हाय," ते म्हणाले. आवाजात अभिमान होता, खोट काढायचा हेतू नव्हता. "मला येवढंच इचारायचं व्हतं, तिथं ती गोल्टीची खोली लिवलीय ना, ती कोन? म्हंजी आमच्यात गोल्टी म्हंजी बारका कांदा. अन् चाळ म्हंजी कांदा ठेवायची चाळ. माझीच हाय दोन. म्हनून म्हनलं, ही बाई कोन?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. परीक्षकांनी चष्म्यावरून आधी नानांकडे, मग पडद्याकडे पाहिलं. सरांचं पेन वहीवर थांबलं होतं. ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मग परीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "उमेदवारानं उत्तर द्यावं."

इथे लिहिताना मी 'नाना म्हणाले' असं लिहिते आहे, पण घरात आम्ही नानाला तू म्हणतो. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आपण उपस्थित केलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. शब्दाचा व्यवहारातला अर्थ आणि कल्पविश्वातला अर्थ यांत आम्ही प्रबंधात फरक केला आहे. व्यवहारात चाळ म्हणजे आपण म्हणता ते असू शकेल."

असू शकेल. ज्या दोन चाळी नानांनी स्वतः पट्ट्या ठोकून उभ्या केल्या, ज्यांतला कांदा विकून माझं बारावीपासूनचं सगळं शिक्षण झालं, त्या मी 'असू शकेल'मध्ये नेऊन बसवल्या. आवाज जराही कापला नाही. मराठी तर इतकी शुद्ध होती की पुण्याच्या माणसानंही मान डोलवावी.

नानांनी एकदा पडद्यावरच्या नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं बरं. शिकलेल्यांचं येगळं असंल. मधी बोललो, माफ करा." आणि टोपी सारखी करून खाली बसले.

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "उमेदवाराची सैद्धान्तिक बैठक पक्की आहे." टाळ्या झाल्या. नानांनीही वाजवल्या.

चहा चालू असताना सरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. शबनम छातीशी धरली होती.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून सर."

"सांगितलं का नाहीत?"

"एकदा सांगत होते. मग नाही सांगितलं."

त्यांनी शबनम परत खांद्याला अडकवली. मग त्यांनी विचारलं, "त्या गोल्टीचं पुढे काय होतं?"

"शेवटी विकतात सर. हॉटेलवाले घेतात."

"म्हणजे कोणी नव्हतीच," सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, माझ्यावरच्या रागापेक्षा जास्त. मला वाटलं, आता ते आत जातील, परीक्षकांना खरं सांगतील, आणि माझी इतकी वर्षं त्या जिन्याखालच्या खोलीत जातील. मी तयारही होते. कदाचित तसं व्हावं असंच मला वाटत होतं, कारण मग नानांकडे बघता आलं असतं.

सर वळले आणि मला हात जोडले. "बाई, तुम्ही दिलंत ते उत्तर मलासुद्धा सुचलं नसतं. समोर प्रत्यक्ष माणूस उभा असताना तुम्ही संहितेला धरून राहिलात. आता तुम्ही गाईड व्हायला हरकत नाही." सरांना टोमणा मारता येत नसे. ते मनापासून कौतुक करत होते. आत जाऊन त्यांनी परीक्षकांच्या शेजारी बसून दोन सामोसे खाल्ले, आणि चाळीबद्दल पुन्हा कधी अक्षर काढलं नाही. आता निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे असतात. सूर्योदय, गुलाब सगळं टेम्पो भरून घेऊन गेले. माझा प्रबंध ग्रंथालयात आहे, नकाशासकट. मी कायम झाले.

नाना त्या दिवशी लगेच परत गेले. मुक्काम कर म्हटलं, तर म्हणाले, पाणी भरायचंय. एसटीत बसल्यावर त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला. त्या ग्रुपवर संशोधनासाठी मीही होतेच, म्हणून मला तो वाचायला मिळाला.

'सर्व सभासदांना कळवण्यात आनंद होतो की माझी मुलगी आज डॉक्टर झाली. तरी सर्वांना सूचना, चाळ व गोल्टी या शब्दांचे आणखीन अर्थ आहेत असे आज कॉलेजात सिद्ध झाले आहे. ग्रुपवर लिहिताना काळजी घ्यावी. आपला अॅडमिन.'

भराभर अभिनंदनं आली. अंगठे, हार, पेढे. मग सौंदाण्याच्या एका काकांनी लिहिलं, 'नाना, मग आता आपण कांदा कशात ठेवतो ते काय म्हणायचं?'

मी कॉलेजच्या पायऱ्यांवर फोन हातात धरून बसले होते. पाचेक मिनिटांनी नानांचं उत्तर आलं. 'मॅडमला विचारून सांगतो.'

तेव्हापासून नाना मला घरीसुद्धा मॅडम म्हणतात. त्यात चेष्टा किती आणि आदर किती, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.